काटा उतरला तरी

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मी आजवर कुणाला पत्र लिहिलेलं नाही. म्हणजे या कामात आपण दोघंही नवखे. इंजिनाच्या दोन भागांच्या मध्ये घालतात त्या पॅकिंगच्या जाड कागदावर लिहितोय, कारण गॅरेजमध्ये दुसरा कागद टिकत नाही, त्याला लगेच तेल लागतं. दुपारची वेळ आहे. पोरगी आत झोपली आहे. आक्का तिच्या उशाशी बसून डिंक निवडतेय. गाडी लिंबाखाली उभी आहे आणि थंड आहे, आत्ताच हात लावून आलो.

गाडीचं आधी सांगतो, कारण तू असताना आपल्या दारात सायकलीपलीकडं काही नव्हतं. ही मोटार एका भक्ताची. देवीला येताना घाटात तिचं पाणी संपलं, त्याला कळलं नाही, तो तसाच दामटत वर आला आणि इंजिन बसलं. पिस्टन आतल्या आत चिकटून गेले. ओढून माझ्याकडं आणली. काम किती मोठं आहे ते सांगितल्यावर तो म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडंच." पुढं कागदपत्रंही माझ्या नावावर करून दिली. मी ती भंगारात घालणार होतो. तुझी सून म्हणाली, "आपली म्हणून एक असू द्या की. सगळ्या जगाच्या गाड्या दारात उभ्या असतात." मग इंजिन उतरवून बाजूला ठेवलं, वरून पोतं टाकलं, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांपुढं ते तसंच राहिलं. इंजिन नसलेल्या त्या गाडीत ती दुपारची जाऊन बसायची. मागचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, मांडीवर सूप घेऊन डाळ निवडायची. मी येता-जाता विचारायचो, "कुठवर आलीस?" ती म्हणायची, "येडशी आली. आता रामलिंगाला उतरायचं."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि सोलापूरच्या दवाखान्यातून मी एकटा परत आलो. मला रडू आलं नाही. तिथं नाही, घरी नाही, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हाही नाही. लोक म्हणाले, लई खंबीर माणूस. मी ते ऐकून घेतलं. तेरावं झालं आणि मी त्या इंजिनावरचं पोतं काढलं. काम मात्र चोख केलं, आई. ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून बोअरच्या पाण्याचा सगळा क्षार काढला. इकडच्या पाण्यानं आतल्या वाटा चुन्यासारख्या लिंपून गेल्या होत्या. नव्या स्लीव्ह, नवे पिस्टन, नव्या रिंगा. हेड सोलापूरला नेऊन फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं आणि पट्टी लावून स्वतः तपासलं. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळले. पाण्याचा पंप नवा, रेडिएटर उघडून साफ. गाडीची मागची सीट झाडायला काढली तेव्हा खाली तुरीच्या डाळीचे दाणे निघाले, मूठभर. ते कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी खाल्ले. मी परत कामाला लागलो.

मग पोरीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला सांगायला नको. तिचं सासर लोहाऱ्याकडं. मी आणायला येतो म्हणून फोन केला तर विहीणबाईंनी घेतला.

"दादा, राग मानू नका. पोरीची आई असती तर म्या एका शब्दानं बोलले नसते. पर तिथं बाईमाणूस कोण हाय?"

"माझी बहीण, आक्का, येऊन राहणार आहे."

"त्या येतील वो. पर येळ काय सांगून येती का? तुमचं घर वस्तीपासनं लांब, रोडला. कुणाच्या गाडीची वाट बघत बसायचं का? दारात गाडी पाहिजे, आन ती घाटानं सोलापूरला जाऊन येणारी पाहिजे."

"गाडी आहे," मी म्हणालो. "इंजिन मी स्वतःच्या हातानं बांधलंय."

"बांधलंय वो. चालती का?"

यावर मी हसलो. आमचं पोरगं येऊन बघून जाईल, त्यानं बरं म्हणलं तर पाठवते, न्हायतर ती इथंच बरी, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला राग आला नाही. बाई बरोबर बोलत होती. मी त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

हसलो ते मात्र का, ते तुला कळेल. तू घाटमाथ्यावर चहा करायचीस तिथून थोडं तुळजापूरकडं माझं गॅरेज आहे. गाडी गरम होते म्हटलं की सोलापुरातले ड्रायव्हरसुद्धा माझ्याकडंच बोट दाखवतात. मी कुठला कोर्स केला नाही, कुठल्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने पुसले नाहीत. गाड्या उघडल्या, बघितल्या, जोडल्या. कुणी विचारलं कुठं शिकला, तर माझं उत्तर ठरलेलं: डोकं चालवलं. अशा माणसाची स्वतःची गाडी, त्या फोननंतर, पहिल्याच खेपेला घाटात तापली. सपाटीला ठीक, दारात तासभर चालू ठेवली तरी ठीक, आणि घाटातलं शेवटचं मोठं वळण आलं की काटा लालमध्ये. वर येऊन थंड झाल्यावर बघितलं तर पाणीही कमी. शेजारचा पंक्चरवाला टायर घासता घासता म्हणाला, "काय मालक, लोकाच्या थंड करता आन घरची तापवता व्हय?" त्याला म्हणालो, "तू तुझी हवा बघ." तो म्हणाला, "माझी हवा चांगली हाय. तुमची गेल्यागत दिसती."

पाणी कमी होतं, पण खाली थेंब नाही. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा. पाणी जायच्या वाटा तीनच असतात, आई. बाहेर, तेलात, नाहीतर धुरातून. तेलाची पट्टी काढली, तेल स्वच्छ, दुधाळ झालेलं नाही. सायलेन्सरमागं उभा राहून धूर हुंगला, त्याला गोडसर वास नाही. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरला आणि गाडी चालू केली, एक बुडबुडा आला नाही. म्हणजे हेडची गॅस्केट शाबूत, माझं आवळणं बरोबर. राहिली बाहेरची वाट. रेडिएटरच्या एका जुन्या झाकणाला सायकलची नळी आणि हवेचा काटा बसवून मी एक यंत्र केलं आहे. ते लावायचं आणि इंजिन थंड असतानाच पायपंपानं पाण्यावर दाब द्यायचा. दाब दिला. तो उतरत होता, अगदी सावकाश. गळती होती, पण दिसत नव्हती.

तेव्हा मी चुलीतली राख चाळून आणली.

तुझं हॉटेल म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक चूल, दोन बाकडी, आणि सावलीला दगडांवर बसवलेला तो मोठा रांजण. माणसांसाठी माठ वेगळा. रांजण गाड्यांसाठी. घाट चढून आलेल्या जीपा, ट्रक तुझ्या पुढ्यात येऊन फुसफुसत उभे राहतात. ड्रायव्हर उडी टाकून उतरतो. "मावशी, पाणी!" तू चुलीवरून मान वर करत नाहीस. "आधी च्या पी." "अवं मावशी, गाडी पेटंल!" "न्हाय पेटत. तू बस. तिलाबी दम खाऊ दे." लोक म्हणायचे, बाई हुशार आहे, पाण्याच्या आशेवर चहा खपवते. मलाही तसंच वाटायचं, आणि लाज वाटायची. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ब्लॉक चिरतो, हे मला पुढं पुष्कळ उशिरा, एक चिरलेला ब्लॉक हातात घेतल्यावर कळलं. तुला ते चुलीवरच्या मडक्यानं सांगितलं असेल. तू कधी बोलली नाहीस.

तो रांजण एका उन्हाळ्यात पाझरायला लागला. बाहेरून सगळाच ओला, चीर नेमकी कुठं ते कळेना. तू तो रिकामा केलास, उन्हात वाळवलास, बाहेरून सगळीकडं कोरडी राख फासलीस आणि मग पाणी भरलंस. आणि समोर बसून राहिलीस. मी म्हणालो, "आता काय?" तू म्हणालीस, "आता गप बसायचं. पाणी सवताच सांगतंय." थोड्या वेळानं त्या राखाडी अंगावर केसासारखी एक काळी रेघ उमटली. तू ती नखानं खुणावलीस आणि चुना-गूळ कालवायला उठलीस.

मी इंजिनाला राख मारली. पाइपांच्या जोडांवर, पंपाखाली, रेडिएटरच्या कडांना, ब्लॉकच्या अंगात पत्र्याची बुचं असतात त्या प्रत्येकावर. दाब दिला आणि स्टूल घेऊन बसलो. रेघ उमटली ती मागच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपावर येणाऱ्या बुचाच्या कडेनं. त्या मापाचं नवं बुच मिळालं नव्हतं आणि जुनं चांगलं दिसलं म्हणून मी तेवढं एक तसंच ठेवलं होतं. ते गंजून चाळणी झालं होतं, पण आतून क्षारानं लिंपलं होतं, म्हणून इतके दिवस धरून होतं. मी क्षार काढला आणि त्याचा आधार गेला. थेंब तापलेल्या पाइपावर पडायचा आणि खाली यायच्या आत वाळून जायचा. सोलापूरहून बुच मागवून बसवलं, परत दाब दिला, काटा जागचा हलला नाही. जावयाला फोन केला, या म्हणून.

जावई चांगला पोरगा आहे, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळं निम्मं बोलणं आम्हाला न बोलता कळतं. त्याला पुढं बसवलं, घाट उतरलो, खाली वळवून परत चढायला लागलो. ऊन कडक होतं, मुद्दाम तीच वेळ धरली होती. निम्मा घाट काटा मधोमध. मग मोठं वळण आलं आणि काटा हलला.  जावयानं काच खाली केली. माथ्यावर येईपर्यंत काटा लालला टेकला. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. उतरल्यावर ध्यानात आलं, कुठं थांबलो होतो ते. रस्ता रुंद झाला त्यात तुझी जागा गेली. आता तिथं गाड्या उभ्या करायला फरशी आहे आणि एक पोरगा हातगाडीवर चहा विकतो.

जावई बाटली घेऊन पुढं आला. "मामा, पाणी हाय. टाकू का?"

"नका टाकू," मी म्हणालो. "आधी चहा पिऊ."

माझ्या तोंडून ते निघालं. मग हातगाडीकडं गेलो. आम्ही फरशीवर बसलो. बॉनेट उघडं, इंजिनावर अजून माझी राख. जावयानं विचारलं, "ती राखाडी कसली?" मी सांगितलं, गळती शोधायची. त्यानं वाकून बघितलं, मान हलवली. "भारी हाय. कुठं शिकलात?" ठरलेलं उत्तर तोंडात होतं. मी म्हणालो, "माझ्या आईचं आहे." त्यानं चहा ओतून घेतला.

मग तो म्हणाला, "काटा खाली आला की निघू या." मी त्याला म्हणालो, काट्यावर फार भरवसा ठेवू नका, आणि त्या ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. तुला तो आठवत असेल. पेढे वाटल्यासारखा हसत उतरला होता. "मावशी, आज देवीची किरपा! निम्म्या घाटात काटा लालमधी गेला, आन मग सवताच खाली आला. पार थंड!" तू हातातली गाळणी ठेवलीस, ट्रकच्या तोंडाशी गेलीस, नाक वर करून हुंगलंस. "काटा उतरला आसंल," तू म्हणालीस. "वास उतरला न्हाय." त्यानं झाकण उघडलं तेव्हा आत पाण्याचा टिपूस नव्हता. काटा ज्या तुकड्यावर चालतो तो पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याची ऊब मोजतो, लोखंडाची नाही. पाणी सगळं गेलं की तो मोकळ्यात लोंबकळत राहतो आणि काटा थंड दाखवतो. ड्रायव्हर खूश होतो, आणि आत सगळं जळत असतं. जावई म्हणाला, "आयला."  

चहा संपला तरी आम्ही उठलो नाही. तुझ्या ड्रायव्हरांना तू असंच बसवून ठेवायचीस. एकदा मी तुझं ऐकलं नव्हतं. मिसरूड फुटत होतं, जीपमधल्या माणसांपुढं मला मेकॅनिक व्हायचं होतं. ओला टॉवेल घेऊन मी तापल्या झाकणाला हात घातला आणि तुझी पळी माझ्या मनगटावर बसली. जीपभर माणसं बघत होती. "झाकणाखाली काय हाय ते वळखल्याबिगर हात घालायचा न्हाय!" मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्यापुढं एक वस्तू टाकलीस, जुन्या वाकळेचे थर एकावर एक ठेवून जाड दोऱ्यानं शिवलेली, तळहाताएवढी गादी. "उघडायचंच आसंल तर ह्येनं उघड. आन अर्धं उघडून थांब. वाफ जाऊ दे." ती गादी अजून माझ्याकडं आहे. वरचं कापड फाटलं की तुझी सून नवं घालायची, तिच्या जुन्या लुगड्यांचं. आता वर जांभळं आहे. आतलं तुझंच. मी ते कधी उसवून बघितलं नाही.

तीच गादी घेऊन उठलो, पण झाकण उघडायच्या आधी पाइपांना हात लावत गेलो. पाणी ओतलं असतं तर सगळीकडं एकच गारवा झाला असता आणि काही कळलं नसतं. थांबलो म्हणून कळलं. रेडिएटरचा वरचा पाइप कढत. खालचा कोमट. म्हणजे जाळीतून पाणी फिरतच नव्हतं म्हणावं इतकं कमी फिरत होतं. मग ते चाललं होतं कुठं? पंपाजवळ बोटभर लांबीचा एक आखूड पाइप असतो. त्याला उलटा हात टेकवला आणि मागं घेतला. भाजलं म्हणून नव्हे, कळलं म्हणून. "मामा, भाजलं की!" जावई ओरडला. बघितलं तर बोटांच्या मागं कातडी लाल झाली होती. मला ते नंतर जाणवलं.

हे नीट सांगतो, कारण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. इंजिनातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी एक व्हॉल असतो, थर्मोस्टॅट म्हणतात तो. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी त्या आखूड पाइपानं आतल्या आत फिरवतो. तापलं की उघडतो. इकडच्या उन्हाळ्यात तो कशाला, म्हणून आम्ही सगळेच तो काढून टाकतो. घाटातल्या गाड्यांचे असे कितीतरी व्हॉल मी काढले. जुन्या इंजिनांना ते चालतं. पण या इंजिनाच्या व्हॉलला दोन तोंडं आहेत. एका तोंडानं तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी दुसऱ्या तोंडानं आखूड पाइपाची वाट बंद करतो. व्हॉलच नसेल तर ती वाट कायमची उघडी. तापलेलं पाणी रेडिएटरकडं न जाता वळून परत इंजिनात. लोक म्हणतात व्हॉल काढला की पाणी फार जोरात पळतं म्हणून थंड होत नाही. ते खरं नाही. त्याला जवळची वाट मिळते, एवढंच. इंजिन जोडताना मी सवयीनं व्हॉलची जागा रिकामी ठेवली होती. विचारायचं सुचलं नाही, कारण मी कुणाला विचारत नाही.

थंड झाल्यावर, अर्धं उघडून, थांबून, झाकण काढलं. पाणी जागेवर होतं. बुच धरून होतं. जावई घुटमळत म्हणाला, "मामा, घरी काय सांगू? मी म्हणतो चांगली चालली."

"नाही. तापली म्हणून सांगा. का तापली तेही सांगा."

"आई मग सोडायची न्हाय हिला."

"नको सोडू दे. बिघडलेल्या गाडीच्या भरवशावर मीच माझी पोरगी आणणार नाही."

व्हॉल आणला. बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडून बघितला. पाणी नुसतं गरम झालं तोवर तो गप्प पडून होता, आणि मग हळूच उघडला. याच पॅकिंगच्या कागदातून त्याच्या झाकणाचं पॅकिंग कापून बसवलं. आणि त्याच आठवड्यात विहीणबाई स्वतः आल्या. "देवीला येणारच होते," म्हणाल्या. "म्हणलं गाडीबी बघू. आमच्या पोराला काय, सासऱ्याची बाजू घेतंय त्ये." दर्शन करून मागच्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर, डोळे थेट माझ्या खांद्यावरून काट्यावर. भर उन्हात घाट उतरलो, वळलो, चढलो. मोठं वळण आलं. काटा मधोमध आला आणि खुंटीगत थांबला.

"दादा, काटा हालंना. बिघडला का काय?"

"नाही. असाच राहायला पाहिजे."

माथ्यावर मी न विचारता थांबलो. त्यांनी उतरून बॉनेटवर हात ठेवला, पातेल्यावर ठेवावा तसा. मग पदरानं हात पुसला. "घेऊन जावा पोरीला," म्हणाल्या. "पर दुपारचं झोपू द्या तिला. आन तिखट जरा कमी." मी हो म्हणालो. आनंद व्हायला पाहिजे होता. मी गाडी सुरू केली आणि त्यांना स्टँडवर सोडलं.

पोरगी आली. आल्या आल्या घरात न जाता ती गाडीच्या मागच्या सीटवरच थोडा वेळ बसून राहिली, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. पोटामुळं तसं बसणं बरं पडत असेल. मी तिची पिशवी आत नेली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात डबे उघडून बघत होती. तिच्या आईनं भरलेला काळ्या मसाल्याचा डबा तसाच होता, झाकणावर फडकं बांधलेला. मी भाजीला बाजारचा वापरतो.

"बाबा, बरं हाय ना तुमचं?"

"बरं आहे की. खातो, झोपतो, काम करतो. काय झालंय मला?"

"आले तवापासनं तुमी आईचं नाव काढलं न्हाय."

"विषय निघाला नाही."

 तिनं डबा जागेवर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली, नुसती बघत. तिनं तुला कधी पाहिलेलं नाही. पण नाक तुझं आहे, आणि त्या घडीला ते तसंच किंचित वर झालं होतं, त्या ट्रकपुढं तुझं झालं होतं तसं. मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीवर गेलो.

कागद संपत आला. हे कुठं टाकायचं नाही, आणि कुणाकडून तुला वाचून दाखवायचं तर त्याला सगळं कळेल. परवा एका जीपचा पंप बदलायचाय, त्याच्या पॅकिंगला एवढाच तुकडा उरलाय. लिहिलेली बाजू आत ठेवून आवळीन.

गाडीचं पाणी मी रोज सकाळी झाकण उघडून बघतो. तिथं काळजी नाही. एवढंच एक तुला सांगायचं होतं. काटा खाली आहे, आई. हिवाळ्यापासून तो खालीच आहे, आणि लोकांना वाटतं थंड झालं. पण वास येतो. माझा मलाच येतो.